कशाच्या बाहेर?

‘बाई, सप्रेम नमस्कार. मी नागपुरात धंतोलीतल्या एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे. शिक्षण काटोलजवळच्या गावात, मराठी माध्यमातून झालं. दारावरच्या पाटीपासून पेशंटच्या कार्डापर्यंत सगळं इंग्रजी मलाच लिहावं लागतं. गेल्या महिन्यात “बाहेर” या एकाच शब्दावर तीनदा फसले. तपासणीच्या खोलीवर “प्लीज वेट आउटडोअर” असं लिहून लावलं, तर इंग्लंडहून परतलेल्या नव्या डॉक्टर म्हणाल्या, पेशंटना उन्हात उभं करायचंय का? फोनवर “डॉक्टर इज आउटसाइड” म्हटलं, तर गेटवर उभे असलेले नातेवाईक डॉक्टरांना शोधत अंगणभर फिरले. डॉक्टर अमरावतीला होते. आणि व्यायामाच्या कार्डावर “वॉक आउटडोअर थर्टी मिनिट्स” लिहिलं, त्यावर सोबतची मुलगी चार पेशंटसमोर हसली. आता दोन ओळी लिहायच्या म्हटलं तरी हात थांबतो. आउट, आउटसाइड, आउटडोअर, आउटडोअर्स यांत नेमका फरक काय? पाचवीतली मुलगी विचारते, “प्ले आउटसाइड” बरोबर की “प्ले आउटडोअर्स”? तिलाही सांगता येत नाही.’ – मानेवाड्याहून एक वाचक

ताई, नमस्कार.

पत्र वाचून झाल्यावर मी तुमची तीनही वाक्यं एका कागदावर मराठीत लिहून काढली. ‘कृपया बाहेर थांबा.’ ‘डॉक्टर बाहेर आहेत.’ ‘रोज अर्धा तास बाहेर चाला.’ तिन्ही चोख आहेत. मराठीत ही वाक्यं बोलताना तुम्हाला कुणी अडवलं नसतं. अडचण एवढीच की या तीन वाक्यांतलं ‘बाहेर’ तीन वेगळ्या ठिकाणी आहे. पहिलं खोलीपलीकडच्या बाकावर, दुसरं अमरावतीला, तिसरं बागेत झाडाखाली. आपल्या एका शब्दात ही तिन्ही ठिकाणं मावतात. इंग्रजीने त्यासाठी वेगवेगळे शब्द ठेवले आहेत. एका मराठी शब्दाला एकच इंग्रजी शब्द असणार असं धरून तुम्ही चाललात, तिथे वाट चुकली.

आणि खरं तर मराठीतही आपण हे ‘बाहेर’ असं मोकळं सोडत नाही. गेटवरच्या त्या नातेवाइकांना तुम्ही मराठीत ‘डॉक्टर बाहेर आहेत’ असं सांगितलं असतं, तरी ते म्हणाले असते, ‘मॅडम, मी बी बाहेरच हाव, ते तं दिसून नाही राहिले.’ मग तुम्ही लगेच म्हणाला असता, ‘अहो, बाहेरगावी गेलेत.’ म्हणजे नेमका शब्द तुमच्याजवळ होता. समोरच्याने मनात विचारलेला प्रश्न तुम्हाला ऐकू आला आणि तुम्ही त्याचं उत्तर दिलंत. तो प्रश्न असा: कशाच्या बाहेर?

इंग्रजी शब्द लिहायच्या आधी हाच प्रश्न स्वतःला विचारा. खोलीच्या बाहेर? इमारतीच्या? गावाच्या? की माणूस आपल्या जागेवर नाही, एवढंच सांगायचं आहे? उत्तर मराठीत आलं की इंग्रजी शब्द निम्मा हाताशी आलेला असतो. इतकी वर्षं वर्गात शिकवून मला याहून सोपी युक्ती सापडलेली नाही.

‘आउटसाइड’पासून सुरू करू, कारण रोजच्या कामात तोच सगळ्यांत जास्त लागतो. आउटसाइड म्हणजे कुठल्या तरी सीमेच्या, भिंतीच्या, दाराच्या पलीकडे. पलीकडे छप्पर आहे की आभाळ, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शाळेत गृहपाठ न आणणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करत, तेव्हा तो व्हरांड्यात उभा असे, डोक्यावर कौलं असत, आणि तरी इंग्रजीचे सर ‘स्टँड आउटसाइड’ असंच म्हणत. मेडिकलमध्ये नाहीतर मेयो हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या दाराशी रात्रभर बसलेली माणसं इमारतीच्या अगदी पोटात असतात. पण थिएटरच्या दृष्टीने ती आउटसाइडच. तुमच्या पेशंटचा बाक कॉरिडॉरमध्ये आहे ना? मग त्या पाटीवर ‘प्लीज वेट आउटसाइड’ हेच बरोबर. खोलीच्या बाहेर, एवढाच त्याचा अर्थ.

ही सीमा विटांचीच हवी असंही नाही. क्लिनिकची वेळ संपल्यावर कुणी आलं तर तो ‘आउटसाइड क्लिनिक अवर्स’ आला. घरच्या माणसांपलीकडे काही सांगू नका म्हणायचं असेल तर ‘आउटसाइड द फॅमिली’. जामठ्याचं स्टेडियम शहरापासून दूर वर्धा रोडवर आहे, म्हणून ते ‘आउटसाइड द सिटी’. जिथे मराठीत ‘बाहेर’ नामाला चिकटून येतं, घराबाहेर, वेळेबाहेर, शहराबाहेर, तिथे बहुतेक वेळा आउटसाइड चालून जातं. ‘बहुतेक’ असं मुद्दाम म्हणते, कारण ‘हाताबाहेर गेलं’ आणि ‘आवाक्याबाहेर आहे’ यांना हा नियम लागत नाही. तिथे इंग्रजी ‘आउट ऑफ’ वापरतं.

‘आउट ऑफ’ आणि ‘आउटसाइड’ यांतला फरक बहुतेक पुस्तकं लांबण लावून समजावतात. मराठी माणसाला तो एका ओळीत कळतो. ‘घरातून बाहेर’ आणि ‘घराबाहेर’. पहिल्यात माणूस आतून निघाला आहे, पावलं उंबरठा ओलांडतायत. तिथे आउट ऑफ. दुसऱ्यात तो आधीपासूनच पलीकडे उभा आहे, तिथे आउटसाइड. पेशंट लिफ्टमधून बाहेर आला तर तो ‘आउट ऑफ द लिफ्ट’. लिफ्टबाहेर उभा असेल तर ‘आउटसाइड द लिफ्ट’. हे ‘-तून’ आणि हे चिकटलेलं ‘बाहेर’ तुम्ही दिवसातून शंभरदा अचूक वापरता, कधी चुकत नाही.

आता तुम्हाला छळणारा शब्द. आउटडोअर्स.

आउटडोअर्स म्हणजे कुठल्याच इमारतीत नाही. खोलीबाहेर, फाटकाबाहेर हे इथे पुरत नाही. वर आभाळ, अंगावर वारा, पायाखाली माती नाहीतर रस्ता. मॉलमध्ये एखाद्या दुकानापुढे तुम्ही उभ्या असाल तर तुम्ही दुकानाच्या आउटसाइड आहात, आउटडोअर्स मात्र नाही, कारण मॉलचं छत डोक्यावर आहेच. नव्या डॉक्टर जे म्हणाल्या ते याचमुळे. ‘वेट आउटडोअर’ वाचल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्या मे महिन्यातली दुपार उभी राहिली असणार. पारा ४५च्या पुढे, डांबर चपलेला चिकटतंय, आणि गुडघ्याला पट्टा बांधलेले एक आजोबा हातात फाइल घेऊन कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत, लावलेल्या स्कूटर्सच्या मधे, स्वतःचं नाव कधी पुकारलं जातंय याची वाट बघतायत. त्यांचं बोलणं तुम्हाला टोचलं असेल, पण शब्दाच्या बाबतीत त्या बरोबर होत्या, आणि त्यांनी आधी काळजी पेशंटची केली.

मधल्या जागांचं काय, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे घराला ओसरी असते, छपरी असते, पोर्च असतो. वर छप्पर, पण तीन बाजू मोकळ्या. इंग्रजीत अशी जागा सहसा आउटडोअर्स धरतात. हॉटेलात अशा जागी टेबलं मांडली तर ते त्याला ‘आउटडोअर सीटिंग’च म्हणतात. तेव्हा तुमच्या क्लिनिकचा बाक अंगणातल्या टिनाच्या शेडखाली असता, तर आउटडोअर्स म्हणणं चुकलं नसतं. अर्थात तरीही पाटीवर मी आउटसाइडच लिहिलं असतं, कारण पेशंटला खोलीबाहेर थांबायचं आहे एवढंच सांगायचंय. छप्पर कुठे आहे ते त्याला दिसतंच.

तुमच्या हातून ‘आउटडोअर’ हा शब्द का उतरला, याचाही मी विचार केला. दवाखान्यात काम करणाऱ्या कुणाच्याही हातून तो उतरला असता. आपल्याकडच्या दवाखान्यांच्या रजिस्टरांत ‘इनडोअर पेशंट’ आणि ‘आउटडोअर पेशंट’ असे दोन रकाने पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. भरती झालेला इनडोअर, तपासून घरी जाणारा आउटडोअर. ज्याला आपण ओपीडी म्हणतो त्यातला ‘ओ’ आउटपेशंटचा, पण बोलताना आपल्या तोंडी आउटडोअर येतं. तुमच्या डोळ्यांसमोर दिवसभर हा शब्द असतो, आणि त्यातला आउटडोअर पेशंट तर एसीत, पंख्याखाली, बाकावर बसलेला असतो. मग ‘बाहेर बसणाऱ्यासाठी’ तोच शब्द पाटीवर गेला, यात नवल काय? त्यात अज्ञान नाही, सवय आहे.

आणि गंमत नव्हे, खरी गोष्ट सांगते: इंग्रजीतही या शब्दाला हा अर्थ होता. इंग्लंडात गोरगरिबांना गावाकडून मदत मिळे. ती दोन तऱ्हेची असे. एक गरीबखान्यात येऊन राहणाऱ्यांना, दुसरी स्वतःच्या घरी राहणाऱ्यांना. या दुसरीला ‘आउटडोअर रिलीफ’ म्हणत. १८३४ सालच्या कायद्याने ती आवळायचा प्रयत्न केला, धडधाकट माणसाने मदत हवी तर गरीबखान्यातच यावं असं ठरवलं, आणि त्यावर तिथे मोठा असंतोष झाला. आता बघा, आउटडोअर रिलीफ घेणारी म्हातारी बसलेली असायची स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपाशी. तरी ती आउटडोअर, कारण मोजणी संस्थेच्या दारापासून होती. दवाखान्याच्या रजिस्टरातला आउटडोअर त्याच जातीचा आहे. कशाच्या बाहेर? दवाखान्याच्या खाटेच्या बाहेर. तेव्हा रजिस्टरात तो खुशाल राहू द्या, तिथे सगळ्यांना कळतो. फक्त पाटीवर नको.

शेवटच्या ‘स’बद्दल. आउटडोअर आणि आउटडोअर्स हे दोन वेगळे अर्थ नाहीत, एकाच शब्दाची दोन कामं आहेत. मराठीत ‘बाहेर’ आणि ‘बाहेरचा’ यांत जो फरक आहे तोच. मुलं बाहेर खेळतात: आउटडोअर्स. बाहेरचे खेळ: आउटडोअर गेम्स. एसीचं जे यंत्र भिंतीबाहेर टांगलेलं असतं ते आउटडोअर युनिट. पुढे नाम आलं, मराठीत ‘-चा, -ची, -चे’ लावावंसं वाटलं, की इंग्रजीत ‘स’ काढायचा. आपल्याकडे विशेषण करायला अक्षर वाढतं, त्यांच्याकडे अक्षर गळतं. एवढं ध्यानात ठेवलंत की तुमचं कार्ड सुधारलं, कारण ‘वॉक’च्या पुढे ‘बाहेर चाला’ आहे, ‘बाहेरचं’ काही नाही. म्हणून ‘वॉक आउटडोअर्स’. इनडोअर आणि इनडोअर्सचंही असंच. मात्र हा नियम ‘अपस्टेअर्स’ला लावायला जाऊ नका; वरच्या खोलीला ते ‘अपस्टेअर्स रूम’च म्हणतात, तिथला ‘स’ हलत नाही.

हा ‘स’ आला कुठून, तेही सांगते, म्हणजे विसरणार नाही. आधी ‘आउट ऑफ डोअर्स’ असा पुरा शब्दप्रयोग होता, दारांच्या बाहेर. मधला ‘ऑफ’ गळाला आणि दोन टोकं जुळली. त्यातलं ‘डोअर’ आपल्या घरचंच आहे. संस्कृतातलं द्वार, त्यावरून आपलं दार, आणि इंग्रजांचं डोअर, तिन्ही एकाच मुळाची. लॅटिनमध्ये त्याच मुळापासून ‘फोरिस’ झालं, म्हणजे दाराबाहेर, आणि त्यावरून इंग्रजीत ‘फॉरेन’ आला. परदेशी म्हणजे मुळात दाराबाहेरचा. फॉरेस्टसुद्धा त्याच घरातला असावा असं भाषेचे अभ्यासक मानतात. पेंचच्या जंगलाकडे जाताना मला नेहमी हे आठवतं: फॉरेन, फॉरेस्ट, आउटडोअर्स, सगळे शब्द एका दाराशी उभं राहून बाहेर बघणाऱ्याने केलेत.

आता ‘आउट’, एकटा. याच्यात जागा महत्त्वाची नाही, माणसाची गैरहजेरी महत्त्वाची. ‘डॉक्टर इज आउट’ म्हणजे डॉक्टर आत्ता इथे नाहीत, कुठेतरी गेलेत. पानठेल्यावर असतील, बँकेत असतील. ‘डॉक्टर इज आउटसाइड’ म्हणजे आत्ता, या क्षणी, दारापलीकडे आहेत, हाक मारली तर येतील. म्हणून ते बिचारे नातेवाईक अंगणात शोधत फिरले. आणि डॉक्टर अमरावतीला असतील तर सरळ ‘आउट ऑफ टाउन’.

इथे तुमच्या ओठावर ‘आउट ऑफ स्टेशन’ येईल. माझ्याही येतं. कंपनी सरकारच्या काळापासून साहेबाची नेमणूक ज्या ठाण्यावर असे त्याला स्टेशन म्हणत. १८२१ साली कामठीला इंग्रजांची छावणी बसली, नागपुरात साहेबांच्या वस्तीची सिव्हिल लाइन्स झाली. तिथला अधिकारी दौऱ्यावर गेला की तो आउट ऑफ स्टेशन. साहेब गेले, शब्द राहिला. आपल्या देशात तो सगळ्यांना समजतो आणि तो वापरण्यात मला काही वावगं वाटत नाही. पण तुमच्या क्लिनिकला लंडनहून किंवा न्यू जर्सीहून कुणाचा मुलगा आईच्या गुडघ्याची चौकशी करायला फोन करेल, आणि तिकडेच वाढलेली त्याची बायको बोलत असेल, तर तिला वाटेल डॉक्टर रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलेत. तिथे आउट ऑफ टाउन म्हणा.

जेवणाच्या बाबतीत हा ‘आउट’ फार फसवतो. ‘ऑन संडेज वुई ईट आउटसाइड’ असं सांगणारी मुलं मी वर्गात दर वर्षी पाहिली. त्यांना म्हणायचं असतं सावजीच्या हॉटेलात जातो. ते ‘ईट आउट’. घरच्या चुलीला सुट्टी, मग हॉटेलात एसी असला, चार भिंती असल्या तरी आउटच. उलट घरच्याच अंगणात पंगत मांडली, वरण-भात घरचाच, तर ते ‘ईट आउटसाइड’. आणि सकाळी टपरीपाशी उभ्याने तर्री-पोहे खाल्ले तर दोन्ही खरं आहे; कुठलं म्हणायचं ते तुम्हाला काय सांगायचंय त्यावर. तसंच ‘गोइंग आउट’ आणि ‘गोइंग आउटसाइड’चं. ‘जरा बाहेर जाऊन येते’ म्हणत पर्स उचलून बर्डीला निघालात तर आउट. वाळवण बघायला गच्चीवर गेलात तर आउटसाइड. सिनेमागृहावर ‘आउटसाइड फूड नॉट अलाउड’ असं लिहिलेलं असतं, ते मात्र ठीक आहे. तिथे आउटसाइड विशेषण आहे: बाहेरचं, या दाराच्या पलीकडून आणलेलं.

तुमच्या लेकीला सांगा, दोन्ही बरोबर. ‘प्ले आउटसाइड’ आणि ‘प्ले आउटडोअर्स’, एकही चूक नाही. पण त्यांची राहणी वेगळी आहे. आउटसाइड घरात बोलायचा शब्द. घरी पोट्ट्यांचा दंगा वाढला की इंग्रज आईसुद्धा म्हणते, ‘गो अँड प्ले आउटसाइड.’ आउटडोअर्स शाळेच्या परिपत्रकातला, डॉक्टरांच्या सल्ल्यातला, सहलीच्या जाहिरातीतला. त्यात ‘चार भिंतींत नको, मोकळ्या हवेत’ असा आग्रह असतो आणि मनात कुठेतरी त्याच्या समोर इनडोअर्स उभा असतो. म्हणूनच हवेबद्दल बोलताना आउटसाइड येतं. दुपारी खिडकीला कूलर घरघरतोय, वाळ्याचा ओला वास खोलीत भरलाय, पडदा जरा सरकवला तर डोळे दिपतात, आणि आपण आतून म्हणतो, ‘बाहेर भट्टी पेटलीय.’ हे ‘इट्स सो हॉट आउटसाइड’. आत बसून बाहेर बघणाऱ्याचा तो शब्द आहे. तिथे ‘हॉट आउटडोअर्स’ म्हटलं तर कळेल, पण घरातलं बोलणं वाटणार नाही. तुमची मुलगी निबंध लिहीत असेल तर ‘वुई प्लेड आउटसाइड टिल डार्क’ हे मला जास्त जिवंत वाटतं. शिक्षकांनी आउटडोअर्स करायला सांगितलं तरी तिला चूक केली असं वाटू देऊ नका.

आणखी एक जोडी आहे, तुम्ही विचारलेली नाही, पण कार्डावर कधीतरी लागेल. ‘इन द ओपन’ आणि ‘इन द ओपन एअर’. हा फरक शिकवताना मला आपल्या भाषेचा फार अभिमान वाटतो, कारण आपण तो आधीच करून ठेवलाय. ‘उघडा’ आणि ‘मोकळा’. अवकाळी पाऊस आला आणि धान उघड्यावर भिजलं. घरधनी गेला आणि संसार उघड्यावर पडला. उघड्यावर म्हणजे आसरा नाही, आडोसा नाही, कुणाच्याही नजरेला आणि पावसाला सापडलेलं. ते ‘इन द ओपन’. फुटाळ्याच्या काठावर संध्याकाळी मोकळ्या हवेत बसलो, श्वास मोकळा झाला. ते ‘इन द ओपन एअर’. एकात माणूस असुरक्षित आहे, दुसऱ्यात सुखी. पेशंटला सकाळी अंबाझरीवर फिरायला सांगायचं तर ओपन एअर लिहा. ‘स्लीप इन द ओपन’ वाचून कुणाच्याही पोटात कालवेल.

आउटर, एक्स्टीरियर, एक्स्टर्नल यांच्यावर फार वेळ घालवू नका. दोनांतला बाहेरचा तो आउटर, जसा आउटर रिंग रोड, कारण आत दुसरा रिंग रोड आहे. घराच्या भिंतीचा बाहेरचा अंग तो एक्स्टीरियर. रंगाच्या दुकानात कळतो. मलमाच्या नळीवर ‘बाह्य उपयोगासाठी’ असतं ते एक्स्टर्नल, आणि तुमच्याकडे मलमं असतात म्हणून तेवढा एक नीट लक्षात ठेवा.

त्या हसणाऱ्या मुलीबद्दल. तिच्याशी चार माणसांत काही बोलू नका. दुपारी डबा खाताना तिला एकटीला सांगा की तुला चूक दिसली तर मला आधी कानात सांगत जा, पेशंटसमोर नको. एवढंच, याच शब्दांत. बहुतेक पोरी यावर ओशाळतात आणि पुढे मदत करतात. ती तशी निघाली नाही, तरी पाटी लिहायचं काम तिच्याकडे देऊ नका. ते काम करता करताच तुम्ही या तीन जागा शोधल्यात, ज्या इंग्रजी माध्यमात शिकलेल्या कित्येकांच्या कधी ध्यानातही येत नाहीत. नव्या डॉक्टरांकडे मात्र जा. ‘मॅडम, लावायच्या आधी एकदा बघाल का?’ असं विचारा. पेशंटच्या उन्हाची काळजी करणारी बाई नाही म्हणणार नाही.

आणि माझं ऐकाल तर पाटीवर मराठी आधी, मोठी, आणि इंग्रजी तिच्याखाली. धंतोलीत भंडारा-गोंदियाची, यवतमाळ-चंद्रपूरची माणसं उपचाराला येतात, छिंदवाडा-बालाघाटहून येतात. त्यांच्यासाठी एक ओळ हिंदीतही असू द्या. त्या आजोबांना आउटसाइड आणि आउटडोअर दोन्ही सारखेच परके आहेत. ‘कृपया बाहेर बाकावर बसा, तुमचं नाव पुकारू’ हे वाचलं की ते निवांत बसतील. या ओळीत बाक आहे, म्हणून ‘कशाच्या बाहेर’ हा प्रश्नच उरत नाही. खाली ‘प्लीज वेट आउटसाइड’. फोनवर ‘डॉक्टर इज आउट ऑफ टाउन, ही विल बी बॅक ऑन थर्सडे’. परत कधी येणार ते सांगायला विसरू नका, समोरच्याला खरं तर तेच हवं असतं.

कार्डावर ‘वॉक आउटडोअर्स फॉर थर्टी मिनिट्स’. तुमच्या ओळीत ‘फॉर’ही राहिला होता, तो घाला. आणि त्याच्यापुढे वेळ लिहा: ‘बिफोर सेव्हन इन द मॉर्निंग’. मराठीत ‘सकाळी सातच्या आत’. एप्रिल-मेची कार्डं लिहिताना हे ‘सातच्या आत’ लाल शाईने लिहा, आणि कार्ड हातात देताना तोंडानेही सांगा.